निबंधाच्या पेपरचा सराव : लातूरच्या अभ्यासिकेतील प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

कामाची आखणी आज झाली. सात आठवड्यांत सात पूर्ण पेपर, सकाळी ९ ते १२, हाताने, मराठीत. मधल्या दिवसांत एकेका अडचणीवर काम. नमुना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा धरला आहे : दोन विभाग, प्रत्येक विभागात चार विषय, त्यांतला एकेक निवडायचा, निबंध १००० ते १२०० शब्दांचा, प्रत्येकी १२५ गुण, वेळ तीन तास. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यातही निबंधाला २५० गुण आहेत, त्यामुळे हाच सराव दोन्हीकडे चालेल.

अभ्यासक्रमात निबंधाबद्दल दोन-चारच वाक्ये आहेत : विषय सोडू नये, विचार क्रमाने मांडावेत, थोडक्यात लिहावे, आणि परिणामकारक व नेमक्या अभिव्यक्तीला श्रेय मिळेल. भरपूर माहिती द्या, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ही वाक्ये भिंतीवर लावली.

वेळेचे पहिले कोष्टक : विषय निवडायला १० मिनिटे. मग प्रत्येक निबंधाला ८५ : १८ मिनिटे आराखडा, ६२ मिनिटे लेखन, ५ मिनिटे फेरवाचन. बेरीज बरोबर १८०. म्हणजे ११०० शब्दांसाठी मिनिटाला साधारण १८ शब्दांचा वेग लागतो.

३ जून

वेग मोजला. चाचण्या दोन, दहा-दहा मिनिटांच्या. पहिलीत समोरचा छापील उतारा नुसता उतरवायचा. दुसरीत ओळखीच्या विषयावर स्वतःचे लिहायचे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दुखणे कुठे आहे ते कळते. उतरवतानाच मिनिटाला २० शब्दांच्या खाली असेल तर हात संथ आहे, त्याला रोज दोन पाने लिहिण्याखेरीज उपाय नाही. उतरवण्याचा वेग चांगला आणि स्वतःचे लिहिताना तो निम्म्यावर, असे असेल तर हाताला दोष देऊ नये. त्या माणसाला पुढचे वाक्य काय हे माहीत नसते. त्याचे औषध आराखड्यात आहे.

शिरोरेघेकडे वेगळे लक्ष दिले. अक्षरागणिक रेघ ओढणारा हात अक्षरागणिक थांबतो. शब्द पूर्ण करून एका दमात रेघ ओढली की थांबे कमी होतात. रेघ पुढच्या शब्दाला भिडली तर मात्र वाचणाऱ्याला शब्द तोडत बसावे लागते, म्हणून दोन शब्दांत अंतर ठेवायचेच.

शब्द मोजण्यात परीक्षेची मिनिटे घालवू नयेत. आपल्या अक्षरातल्या दहा ओळींचे शब्द एकदाच मोजून सरासरी काढावी. ओळीला ९ शब्द आणि पानावर २० ओळी असतील तर पान १८० शब्दांचे, सहा पानांवर थोडे गेले की ११०० झाले. आणखी एक हिशेब मराठीचा : आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘शेतकऱ्यांपर्यंत’ हा एकच शब्द, इंग्रजीत त्याचे दोन-तीन होतात. हजार मराठी शब्दांत हजार इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त आशय मावतो. म्हणून १२०० गाठण्यासाठी ताणू नये, १०५० ते ११०० वर थांबावे.

उकाड्यात तळहात घामेजतो आणि जेलची शाई फरफटते. हाताखाली जुना कागद ठेवायचा. तो रोज ठेवावा, म्हणजे परीक्षेत वेगळा वाटत नाही.

८ जून, रविवार

पहिला पूर्ण पेपर. मृग लागला आहे, काहीजण पेरणीसाठी गावी गेले. ते बुधवारी पेपर देतील.

सगळ्यांत मोठी चूक अपेक्षितच होती. पहिला निबंध लांबला आणि दुसरा समारोपाआधीच घंटेवर तुटला. हे का होते ते नीट समजून घ्यायला हवे. पहिला निबंध लिहिताना वेळ भरपूर वाटतो, प्रस्तावना दीड-दोन पाने होते, आणि ९५व्या मिनिटाला लिहिणारा ऐन रंगात असतो. आपण मागे पडलो आहोत हे त्याला जाणवतच नाही. पहिल्या निबंधात वाढवलेल्या दोन परिच्छेदांनी फारसे काही पदरात पडत नाही. दुसऱ्याचा समारोप गेला तर युक्तिवादच अर्धा राहतो. नियम केला : ९५व्या मिनिटाला वाक्य पूर्ण करून पहिला निबंध बंद. त्यासाठी ८५व्या मिनिटाला समारोपाचा परिच्छेद सुरू झालेला असला पाहिजे, मग मधला एखादा मुद्दा गाळावा लागला तरी चालेल.

दोघांपैकी आधी कोणता लिहावा, यावर आमचे मत ठरले आहे. अमूर्त विषय आधी, डोके ताजे असताना. ज्याची माहिती हाताशी आहे तो नंतर, कारण थकलेल्या डोक्यालाही माहिती आधार देते.

दुसरी चूक साच्याची. बऱ्याच वह्यांत तोच क्रम : ऐतिहासिक पैलू, सामाजिक पैलू, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय, मग उपाय. विषय शेती असो की समाजमाध्यमे, कप्पे तेच. मुद्दे आठवायला हा साचा उपयोगी पडतो, लिहायला घातक. आर्थिक परिच्छेद आणि सामाजिक परिच्छेद यांची अदलाबदल केली तरी निबंधाला काही होत नसेल, तर तिथे युक्तिवाद नाही, यादी आहे. हीच कसोटी पुढचे सहा आठवडे वापरायची : दोन परिच्छेदांच्या जागा बदलून पाहा.

१० जून

२०१७ च्या पेपरातला एक विषय पूर्ण सोडवला : भारतातील बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी शेती निर्वाहाचे साधन म्हणून टिकण्याची क्षमता गमावून बसली आहे. मराठवाड्यातला कोणीही यावर दोन पाने सहज लिहील. धोका नेमका तिथेच आहे.

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, उत्तर मराठीत. म्हणून पहिली पायरी भाषांतराची, आणि बरेच निबंध तिथेच घसरतात. विधानात तीन शब्द भार उचलतात : ‘निर्वाह’, ‘बहुसंख्य’, ‘गमावली’. वह्यांमध्ये ‘निर्वाहा’चा ‘नफा’ झाला होता. नफा न होणे वेगळे आणि घर न चालणे वेगळे. ‘बहुसंख्य’ म्हणजे सगळे नव्हेत, तेव्हा एखाद्या यशस्वी द्राक्षबागेच्या उदाहरणाने विधान खोडले जात नाही. ‘गमावली’ म्हटले की पूर्वी ती क्षमता होती असे गृहीत धरलेले आहे, आणि या गृहीतकावरच प्रश्न उभा करता येतो : कोरडवाहू शेतीने घर पूर्ण चालवले असा काळ होता तरी का? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले शेतकरी खडी फोडायला गेले, ते काही आजच्या अर्थव्यवस्थेमुळे नव्हे.

पुरावा एकच पण नेमका घेतला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीनुसार २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात मजुरीचे ४,०६३, पिकाचे ३,७९८, जनावरांचे १,५८२. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्या सरासरी घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. ही ओळ विधानाच्या मर्मावर बसते. हाच आकडा ‘शेतकरी गरीब आहे’ हे सांगायला वापरला तर वाया गेला. ‘शेतकऱ्याचे घर शेतीवर चालत नाही’ हे सांगायला वापरला तर कामी आला. ऊसतोडीला जाणारी बीडची कुटुंबे हे त्याचे डोळ्यांसमोरचे रूप. त्यांतल्या अनेकांच्या नावावर थोडेफार रान असते.

मग विरुद्ध बाजू, आणि ती लटकी नको. ‘काही लोक म्हणतात शेती फायद्याची आहे, पण ते चूक आहे’ हा विरोध नव्हे. खरा विरोध असा : उत्पन्न अनेक वाटांनी येणे ही शेतीची हार कशी? कुटुंब पुढे सरकत असल्याची ती खूण असू शकते. मुलगा पुण्यात नोकरीला, आई म्हशी सांभाळते, बाप सोयाबीन पेरतो. हे घर शेतीतून हाकलले गेलेले नाही, त्याने जोखीम वाटून घेतली आहे. याला उत्तर द्यायला कष्ट पडतात, म्हणून तो घेण्यासारखा आहे. आमचे उत्तर : वाट निवडून धरली की नाइलाजाने, हे पाहावे. पगाराची जोड मिळाली तर विस्तार, ऊसतोडीची उचल घ्यावी लागली तर माघार. सर्वेक्षणातला मोठा वाटा मजुरीचा आहे, यावर निबंधाचा निर्णय उभा राहतो.

१५ जून, रविवार

दुसरा पेपर. आराखड्याच्या १८ मिनिटांची रीत पक्की केली.

पहिली ३ मिनिटे : विधान स्वतःच्या मराठीत, एका वाक्यात. भार उचलणाऱ्या शब्दांखाली रेघ. पुढची ५ : सुचेल ते सगळे, क्रम न पाहता. इथे पैलूंचा साचा चालतो. पुढची २ : भूमिका एका वाक्यात, आणि त्या वाक्यात ‘कारण’ किंवा ‘तरीही’ आलेच पाहिजे. ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ ही भूमिका नव्हे, तिच्याशी कोणी भांडणार नाही. पुढची ६ : दहा परिच्छेदांची दहा पहिली वाक्ये, पूर्ण वाक्ये, शीर्षके नकोत. उरलेली २ : प्रत्येक वाक्यासमोर एक पुरावा किंवा उदाहरण, जिथे काही नाही तिथे फुली.

दहा पहिली वाक्ये लिहिणे सगळ्यांना नकोसे वाटते, कारण ती लिहिताना वेळ जातो असे वाटते. पण तीच वाक्ये उत्तरपुस्तिकेत उतरतात, तो वेळ परत मिळतो. शिवाय ती सलग वाचली की युक्तिवाद पुढे जातो की एकाच जागी फिरतो, ते दिसते. आज वह्या तपासताना आधी फक्त पहिली वाक्ये वाचली. एका वहीत पाच परिच्छेद ‘त्याचप्रमाणे’ने सुरू होत होते. ‘त्याचप्रमाणे’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ हे यादीचे जोडशब्द. ‘म्हणून’, ‘पण’, ‘असे असेल तर’, ‘याचा अर्थ’ हे युक्तिवादाचे. पुढच्या पेपरला पहिल्या तीन शब्दांवर बंदी.

१९ जून

पुराव्यांची वही. रकाने चार : गोष्ट, आकडा, साल आणि कोणाचा आकडा, कोणत्या बाजूने लागू. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा, कारण चांगला पुरावा बहुधा दोन्ही बाजूंनी लागतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. प्रशासन मनावर घेतले तर काय करू शकते, याचा तो पुरावा आहे. शहराला शेकडो किलोमीटरवरून पाणी आणायची वेळ यावी, हा नियोजनाच्या अपयशाचाही. दोन्ही लिहून ठेवा, पण एका निबंधात एकच वापरा. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा : संकटातून धोरण जन्मते, राज्याचा प्रयोग देश उचलतो, किंवा तात्पुरता उपाय कायमचा होतो, तिन्हीकडे चालतो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. कलम ३७१ (२) आणि १९९४ ची विकास मंडळे : प्रादेशिक समतोल.

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल, २०२५-२६ ला ५,३२८. हा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून सालाशिवाय लिहायचाच नाही. हमीभाव म्हणजे मोंढ्यात मिळालेला भाव नव्हे, हेही त्याच ओळीत नोंदवले.

एका निबंधात आकडे चार-पाच पुरेत. त्याहून जास्त झाले की अहवाल होतो.

अवतरणांबद्दल आम्ही कडक आहोत. मोबाइलवर फिरणारी निम्मी वाक्ये ज्यांच्या नावावर खपतात त्यांची नसतात. कोणत्या भाषणातले वा लेखातले, हे सांगता येत नसेल तर अवतरण चिन्हे काढायची, नाव काढायचे, विचार स्वतःच्या शब्दांत मांडायचा.

२२ जून, रविवार

तिसरा पेपर. बंदीमुळे वाक्ये अडखळली, ते बरेच झाले. वेळ पाळला गेला. प्रस्तावना अजून लांब.

२९ जून, रविवार

चौथा पेपर. एक विषय २०१६ चा : संघराज्यीय भारतातील राज्याराज्यांतील पाणीतंटे. यात तयार विधान नाही, नुसता विषय आहे. अशा वेळी भूमिका आपणच घडवावी लागते, नाहीतर निबंध माहितीपत्रक होतो.

बहुतेकांनी जायकवाडी घेतले. नाशिक-नगरची धरणे भरतात आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, रिकामा राहतो, हे दुखणे खरे आहे आणि लिहिणाऱ्याला ते आतून माहीत आहे. पण तो तंटा एकाच राज्यातला. विषय राज्याराज्यांतला. तीन-तीन परिच्छेद विषयाबाहेर गेले, आणि ते त्या निबंधांतले सर्वांत जिवंत परिच्छेद होते, हे पाहून वाईट वाटते. जवळचे उदाहरण हाताला आधी लागते. ते विषयाच्या शब्दांत बसते का, हे आराखड्याच्या पहिल्या तीन मिनिटांतच तपासावे.

१ जुलै

जायकवाडीच्या जागी मराठवाड्यातलेच योग्य उदाहरण कोणते, यावर आजची बैठक. नांदेड जिल्ह्यातला, धर्माबाद तालुक्यातला, गोदावरीवरचा बाभळी बंधारा; तंटा महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यातला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ चा. त्यानुसार १ जुलैपासून, म्हणजे आजपासून, २८ ऑक्टोबरपर्यंत दारे वर ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडायचे. देखरेखीला तीन सदस्यांची समिती.

यातून भूमिका अशी घडते : पाणीतंट्यात वाटपाचा आकडा ठरवून भागत नाही, कारण आकडा चांगल्या पावसाच्या वर्षी कोणाला नको असतो आणि वाईट वर्षी कोणाला परवडत नाही; तंटा शमतो तो तारखा, दारे आणि देखरेख ठरल्यावर. आधाराला कलम २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा. विरुद्ध बाजू : बाभळीचा साठा लहान, कृष्णा-कावेरीसारख्या मोठ्या खोऱ्यात असे जमेल का? शिवाय पावसाळाभर दारे वर राहिली तर बंधाऱ्यात अडायला पाणी किती उरते, हे काठावरच्या शेतकऱ्याला विचारावे. दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे. न्याय्य ठरलेली व्यवस्था उपयोगाची असेलच असे नाही. हा आक्षेप मान्य करून भूमिका थोडी आवळावी : तारखा आवश्यक, पण त्या पावसाच्या बदलत्या वेळांशी जुळवून घेण्याची सोय निकालातच हवी. आक्षेपाने भूमिका बदलली की परीक्षकाला विचार झाल्याचे दिसते.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, म्हणून पाचवा पेपर आज. अमूर्त विषय २०२३ चा : विचार करणे हे खेळासारखे आहे, समोर दुसरा संघ असल्याशिवाय ते सुरू होत नाही.

अलीकडच्या वर्षांत अशी सुभाषितवजा विधाने जास्त येतात. इथे पहिला मोह दुसऱ्या सुभाषितांची रास घालण्याचा. त्याऐवजी विधानाचा आधी साधा अर्थ, मग एक जाडजूड उदाहरण, मग विधान जिथे तुटते ती जागा.

उदाहरण संविधान सभेचे निघाले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, प्रत्यक्षात २,४७३ मांडल्या गेल्या. समोर कोणीतरी होते म्हणून कलमांना धार आली. विधान तुटते कुठे? एकांतात. वेरूळ-अजिंठ्याच्या विहारात ध्यानाला बसलेल्या भिक्षूसमोर कोणता संघ होता? इथे आपल्या शास्त्रपरंपरेचा पूर्वपक्ष कामाला येतो. शास्त्रकार एकटाच लिहीत असतो, पण आधी विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडतो, मग उत्तरपक्ष. दुसरा संघ बाहेरच असला पाहिजे असे नाही. या वळणाने विधान टिकते आणि खोलही होते.

पूर्वपक्षाची लांबीही ठरवली : ११०० पैकी १५० ते २०० शब्द, आणि जागा सहाव्या-सातव्या परिच्छेदात. अगदी शेवटी टाकला तर उत्तराला जागा राहत नाही, सुरुवातीला टाकला तर आपली बाजू मांडायच्या आतच बचावात जावे लागते.

९ जुलै

प्रस्तावना. मर्यादा १२० शब्द. ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’, ‘आजच्या एकविसाव्या शतकात’, ‘प्राचीन काळापासून’ : असे प्रारंभ खोडून दुसऱ्या वाक्यापासून वाचून पाहिले, काहीच हरवले नाही. एखादे ठोस दृश्य किंवा वस्तुस्थिती, ती विषयाला जोडणारे वाक्य, मग भूमिका; एवढे १२० शब्दांत बसते.

समारोपात ‘शासनाने, समाजाने आणि प्रत्येकाने’ अशी उपायांची रांग नको. शेवटच्या परिच्छेदात नवा आकडा नको. आक्षेपानंतर भूमिका ज्या रूपात उरली, त्या रूपात ती पुन्हा मांडायची आणि तिच्यावरून पुढे काय येते ते सांगायचे.

१३ जुलै, रविवार

सहावा पेपर. वह्या आपसांत बदलून तपासल्या. तपासणाऱ्याला एकच काम : निबंध वाचून मिटवायचा आणि लेखकाची भूमिका एका वाक्यात लिहायची. लेखकाच्या आराखड्यातल्या वाक्याशी ते जुळले नाही, तर दोघांनी बसून कोणत्या परिच्छेदात वाट फुटली ते शोधायचे. बहुतेक वेळा ती जागा दुसऱ्या उदाहरणानंतरची निघाली : उदाहरण रंगले आणि ते कशासाठी घेतले होते हे सांगायचे राहून गेले. उपाय साधा आहे. प्रत्येक उदाहरणानंतरचे वाक्य ‘म्हणजे’ने सुरू करावे. लिहून झाल्यावर तो शब्द काढला तरी चालतो.

खाडाखोडीचे : चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ. गिरवून काळे करण्यात वेळ जातो आणि डाग वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो.

२० जुलै, रविवार

सातवा आणि शेवटचा पेपर. वेळेच्या कोष्टकात एक बदल : फेरवाचनाची पाच मिनिटे पहिल्या निबंधानंतर लगेच वापरायची, दोन्ही निबंधांची शेवटी एकत्र नाही. शेवटी ती उरत नाहीत. फेरवाचनात फक्त तीन गोष्टी पाहायच्या : विषयाचा क्रमांक लिहिला का, आकड्यांतले शून्य बरोबर आहे का, आणि ‘नाही’ सुटले आहे का. घाईत ‘नाही’ गळते आणि वाक्य उलटे होते. आज दोन वह्यांत भूमिकेच्याच वाक्यातले गळले होते.

बाकी काम : पुराव्यांच्या वहीत आरोग्य आणि शिक्षण हे विषय रिकामे आहेत, ते ३१ तारखेपर्यंत भरायचे. ज्यांचा उतरवण्याचा वेग अजून २० च्या खाली आहे त्यांची रोजची दोन पाने चालूच राहतील.